सहा मिनिटांचा धडा

सोमवार, ४ मार्च

शनिवारच्या वेबिनारमध्ये सांगितलं, की शिकवणाऱ्या माणसाने रोज चार ओळी स्वतःसाठी लिहाव्यात. काय जमलं, काय फसलं, सगळं खरं खरं. शाळेत एकोणीस वर्षं मी पोरांना प्रयोगवह्या लिहायला लावल्या, आता माझी पाळी. लेकीची अर्धी कोरी वही सापडली. पुढच्या पानांवर तिची रसायनाची सूत्रं आहेत. राहू देत.

आज विभागात नवे साहेब रुजू झाले. वय छत्तीस, माझं एकोणपन्नास. हॉस्पिटलच्या प्रशिक्षण विभागात आम्ही एकूण चौघं. नर्सेससाठी संगणकावरचे धडे तयार करणं हे माझं काम. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, धडे कशात बनवता?"

मी नाव सांगितलं. ते हसले. वाईट नाही हसले, एखाद्याच्या हातात बटणांचा फोन दिसला की आपण हसतो तसं. "हे आता कोणी वापरत नाही हो."

घरी येईपर्यंत ते हसू डोक्यातून गेलं नाही. शाळा बंद पडली तेव्हा प्रयोगशाळेतल्या बरण्या खोक्यात भरणारी मी शेवटची होते. तेव्हाच ठरवलं होतं, की पुन्हा आपण मागे पडलो म्हणून आपल्याला कोणी खोक्यात भरू नये.

मंगळवार, १२ मार्च

धडे बनवायचं नवं टूल आठ दिवसांत बऱ्यापैकी हातात आलं. कोपऱ्यात गुण उडतात, धडा संपला की पदक मिळतं. हे म्हणाले, "परीक्षेला बसलीस का काय? कुकरची शिट्टी ऐकू येत नाही तुला."

सध्या सगळीकडे छोट्या धड्यांचं वारं आहे. माणसाचं लक्ष सहा मिनिटांच्या वर टिकत नाही म्हणतात. लेक तिच्या कॉलेजची व्याख्यानं दुप्पट वेगाने ऐकते, आणि शेजारच्या खिडकीत आणखी काहीतरी चालू असतं. मी विचारलं, "समजतं का गं असं?"

"परीक्षेपुरतं समजतं."

नवी पिढी झटपट आहे, हे मानलंच पाहिजे. आपण उगाच एक तास घेत बसायचो.

गुरुवार, २१ मार्च

मोठं काम आलं. हॉस्पिटलमध्ये औषधाचे नवे पंप येणार आहेत. सलाइनच्या स्टँडवर लावतात ते यंत्र, दर तासाला किती औषध अंगात जायचं ते ठरवून देणारं. जुन्या पंपाला फिरवायची कळ आहे. नव्यावर आकड्यांची बटणं आहेत. तीनशे बारा नर्सेसना ते शिकवायचं.

मोठ्या सिस्टर बैठकीला होत्या. गेली तीस वर्षं नर्सेसना हाताला धरून शिकवतात त्या. त्यांची पद्धत ठरलेली. सहा मुली, एक पंप, एक बादली पाणी आणि दोन तास. प्रत्येकीने दहा वेळा पंप लावायचा, दहा वेळा काढायचा.

साहेबांनी फोनवर हिशेब केला. "बावन्न बॅचेस होतात, सिस्टर. वॉर्ड कोण सांभाळणार?"

"मुलींच्या हाताला वळण लागलं तरच वॉर्ड सांभाळले जातील," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"मॅडम सहा मिनिटांचा धडा करतील. मुली फोनवर करू शकतील. बसमध्येसुद्धा."

मोठ्या सिस्टर माझ्याकडे वळल्या. "बसमध्ये पंप कुठाय?"

सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा राग आला. त्या निवृत्तीच्या दारात उभ्या आहेत, त्यांना बोलायला काय जातंय. मला अजून नऊ वर्षं काढायची आहेत.

बुधवार, ३ एप्रिल

तीन दिवस अडकले होते. पंप स्टोअरमध्ये सीलबंद आहेत, त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेतल्या चित्रांवरून पडद्यावर पंप काढला. हुबेहूब जमलाय. बटण दाबलं की टुक् असा आवाजही येतो.

अडचण एकच होती. दशांशाचं टिंब. 'तासाला २.५' असा आकडा भरायचा, पण टूलमधल्या चौकटीत आकड्यांबरोबर टिंब घेतलं की सगळे गुण चुकायला लागायचे. ते नीट करायचं तर दोन दिवस आणखी गेले असते आणि साहेबांना शुक्रवारी धडा हवा आहे. शेवटी युक्ती सुचली. शिकणाऱ्याने २ आणि ५ दाबलं, की मधलं टिंब आपोआप पडतं. दिसायला सुंदर दिसतं. साहेब म्हणाले, "स्मूथ आहे एकदम."

किती दिवसांनी कोणीतरी मला असं म्हणालं!

मंगळवार, ९ एप्रिल

धडा सगळ्यांना पाठवला. दुपारपर्यंत एकेचाळीस जणींनी पूर्ण केला. डॅशबोर्डवर एकेक हिरवा ठिपका उमटत होता. जेवायला उठवेना.

सोमवार, २२ एप्रिल

अठ्ठ्याण्णव टक्के पूर्ण! पाचपैकी चार पूर्णांक आठ तारे. धडा सहा मिनिटांचा, पण सरासरी वेळ चार मिनिटं दहा सेकंद. साहेब खूश. म्हणाले, मुली अपेक्षेपेक्षा लवकर शिकतायत. पुढच्या महिन्यात शहरात प्रशिक्षणवाल्यांची परिषद आहे, तिथे आमचा धडा मांडायचा.

अभिप्रायांच्या खोक्यात बहुतेक नुसते अंगठे आहेत. एकच लांबलचक होता, तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीचा. "मॅडम, धड्यात पॉइंट आपोआप येतो. खऱ्या मशीनवरही येतो का? आमच्या वॉर्डात अजून मशीन आलेलं नाही. एकदा हातात देऊन दाखवाल का?"

चांगला प्रश्न आहे. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' हे तयार उत्तर पाठवलं आणि पुढच्या सुधारणांच्या यादीत टाकला. सतरावा नंबर. परिषद झाली की यादी हातात घेते.

सोमवार, ६ मे

परिषद झाली. मी बोलताना पडद्यावर धड्याची चित्रफीत चालू होती. टाळ्या पडल्या. दोन मोठ्या हॉस्पिटलांच्या लोकांनी साहेबांचं कार्ड घेतलं. फोटोत मी कडेला आहे, पण आहे.

हॉस्पिटलात परत आले तर मोठ्या सिस्टरांचा निरोप समारंभ संपत आला होता. मी उशिरा पोचले म्हणून ओशाळले. त्या म्हणाल्या, "असू दे गं. एक करत जा. शिकवताना मुलींचे हात बघत जा. तोंडं सगळ्यांचीच हुशार दिसतात."

मी हो हो म्हटलं. टॅक्सी उभी होती त्यांची.

शुक्रवार, १७ मे

काल तिसऱ्या मजल्यावर एक पेशंट गेला. एकाहत्तर वर्षांचे, शिंपीकाम करणारे आजोबा. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. दुखू नये म्हणून औषधाचा पंप लावला होता. नवा पंप, त्या वॉर्डात बुधवारीच आलेला. तासाला अडीचऐवजी पंचवीस गेलं. श्वास मंदावत गेला, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला.

सकाळी कँटीनमध्ये कळलं. हातातला चहा तसाच ठेवून वर आले, तर साहेब माझ्याच टेबलाशी उभे. "त्या नर्सचं ट्रेनिंग रेकॉर्ड काढा. धडा पूर्ण केलाय ना तिने?"

मी काढलं. शंभरपैकी शंभर. पदक.

साहेबांनी श्वास सोडला. "म्हणजे आपली बाजू स्वच्छ आहे."

खरं खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते. मीही श्वास सोडला.

शनिवार, १८ मे

ती मुलगी आज प्रशासनाच्या ऑफिसबाहेर बाकावर बसली होती. मी तिला चेहऱ्याने ओळखते. जाड चष्म्याची, प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेणारी. मनातल्या मनात मी तिला चष्मेवालीच म्हणायचे. गणवेश घातला होता, ड्यूटी नसताना. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. मला पाहून पटकन उभी राहिली.

"मॅडम."

"काळजी करू नका, सगळं नीट होईल," मी म्हणाले.

काय नीट होणार होतं, देव जाणे. तिला काही विचारायचं होतं असं वाटलं, पण तेवढ्यात आतून हाक आली.

सोमवार, २० मे

रविवारभर तिचे ते दाबलेले हात डोळ्यांसमोरून हलले नाहीत. आज स्टोअरकीपरकडे गेले आणि म्हटलं, एक पंप दाखवा. जास्तीचा एक शिल्लक होता. त्याने टेबलावर ठेवून वायर लावली आणि रजिस्टरमध्ये सही करायला लावली. सही करताना माझ्या लक्षात आलं, की हा पंप मी आयुष्यात पहिल्यांदाच बघते आहे.

धडा माझा, म्हणून हात आपोआप चालला. दोन. पाच. चालू.

पडद्यावर २५ आलं.

मी पुन्हा केलं. दोन, पाच. २५. टिंबाचं बटण खाली उजव्या कोपऱ्यात आहे, तांदळाच्या दाण्याएवढं, राखाडी रंगाचं. पुस्तिकेतल्या चित्रात ते नीट दिसतही नव्हतं. धड्यात तर मी ते काढलंच नव्हतं. कशाला काढायचं, टिंब आपोआप पडत होतं ना.

स्टोअरकीपर म्हणाला, "मॅडम, बरं वाटत नाही का? बसा जरा."

बसले. पंप चालूच होता, नळी टेबलावर लोंबत होती. त्याने बंद केला.

मंगळवार, २१ मे

अभिप्रायांची यादी उघडली. सतरावा नंबर. नाव बघण्याची गरज नव्हती, तरी बघितलं. तीच.

तिने विचारलं होतं. एकदा हातात देऊन दाखवाल का, इतकंच विचारलं होतं. मी आभार मानले होते.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते भाजी निवडत होते. मग म्हणाले, "आणखी कोणाला बोललीस?"

"तुम्हालाच."

"मग थांब जरा. दोन नर्सेसनी आकडा तपासायचा असा नियम आहे ना? डॉक्टरांनी राउंडला बघायला नको होतं का? सगळं तुझ्याच डोक्यावर का घेतेस? पंप तू लावलास का?"

"नाही लावला."

"मग?"

लेक दारात उभी होती. तिने ऐकलं असावं. आत निघून गेली.

शुक्रवार, २४ मे

साहेबांना सांगितलं. दार लावून घेतलं होतं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा छत्तीस वर्षांचा दिसला, किंबहुना त्याहूनही लहान. घाबरलेला.

"कोणी विचारलंय का तुम्हाला?" ते म्हणाले.

"नाही."

"मग आधी धडा दुरुस्त करा. आज. बाकीच्या तीनशे जणी तोच धडा बघतायत, मॅडम. आधी पुढचा माणूस वाचवा, मागचं नंतर बघू."

हे पटलं. खरंच पटलं. पाच तास बसून टिंबाचं बटण घातलं, लाल रंगाचं, ठळक. टिंब विसरलं तर मोठा इशारा येईल असं केलं. नवी आवृत्ती चढवली की जुनी आपोआप पुसली जाते. संध्याकाळी पाचला काम संपलं. आठवडाभरात पहिल्यांदा बरं वाटलं, निदान हातून काहीतरी सरळ झालं.

सगळ्या वॉर्डांना सूचनाही पाठवली, की पंपावर टिंब स्वतः दाबायचं. धडा का बदलला ते लिहिलं नाही.

गुरुवार, ३० मे

आज चौकशी होती. समितीत तिघं. अध्यक्ष म्हणजे आमचे जुने सर्जन, निवृत्त झालेले. मला प्रोजेक्टर चालवायला बोलावलं होतं, मागच्या खुर्चीवर.

चष्मेवालीने सगळं सांगितलं. त्या दिवशी सोबतची नर्स रजेवर होती आणि वॉर्डात बावीस पेशंट होते. दुसऱ्या तपासणीसाठी तिने खालच्या वॉर्डातून कोणाला तरी बोलावलं होतं, पण कोणी आलं नाही आणि आजोबा कण्हत होते. मग म्हणाली, "सर, मी दोन आणि पाच दाबलं. धड्यात पॉइंट आपोआप येतो. मला वाटलं इथेही आला."

"पडद्यावर पंचवीस दिसलं नाही तुम्हाला?"

"मला अडीचच दिसलं, सर. धड्यात पन्नास वेळा केलं होतं मी. मला अडीचच दिसलं."

अध्यक्ष म्हणाले, "धडा लावा."

मी लावला. पडद्यावर पंप आला. खाली लाल, ठळक बटण. समितीतल्या एका बाईंनी स्वतः दोन आणि पाच दाबलं. मोठा इशारा आला : दशांशचिन्ह तपासा.

ती मुलगी पडद्याकडे बघत राहिली. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं. आपल्यालाच काहीतरी झालंय असं वाटणाऱ्या माणसासारखी. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. विचारत होती ती. मॅडम, असंच होतं का?

मी प्रोजेक्टरचं फोकस नीट करत होते. ते नीटच होतं.

तिला कामावरून काढलं. परवाना रद्द करण्याचं पत्र नर्सिंग कौन्सिलकडे जाणार आहे. जाताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

बुधवार, ५ जून

सहा दिवस वही उघडली नाही.

आज मोठ्या सिस्टरांकडे गेले. त्यांच्या छोट्याशा बाल्कनीत बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ती पोरगी तुझ्याकडे बघत होती, आणि तू गप्प बसलीस?"

"हो."

"आणि तो धडा तू आधीच बदलला होतास."

"पुढच्यांसाठी बदलला होता, सिस्टर. खरंच."

"तुझं खरं असेल. पण ती वेडी आहे असं ठरलं त्यामुळे." त्या उठल्या, कुंडीतली दोन वाळकी पानं तोडली. "त्या बैठकीत मीसुद्धा फार ताणून धरलं नाही. दीड महिना उरला होता माझा. म्हटलं, कशाला वाईटपणा घ्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझं मला कळतं. तू तुझं बघ."

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, त्या नर्सचं काय झालं?" मी सांगितलं. जेवताना माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडे बसली. कदाचित सहजच बसली असेल.

शुक्रवार, १४ जून

दिलं. लेखी दिलं, अध्यक्षांच्या हातात.

जुना धडा पुसला गेला होता, पण परिषदेत दाखवलेली चित्रफीत माझ्याकडे होती. त्यात मीच हसत हसत दोन आणि पाच दाबते आणि टिंब आपोआप पडतं, आणि लोक टाळ्या वाजवतात. तीच दिली. सोबत तिचा अभिप्राय, तारखेसकट. सकाळी ह्यांना सांगूनच निघाले होते. ते म्हणाले, "नोकरी गेली तर?" मी म्हटलं, "जाईल." त्यांनी डबा भरून दिला. एरवी मी भरते.

अध्यक्षांनी चित्रफीत दोनदा बघितली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे तीस तारखेला का नाही सांगितलंत? तुम्ही खोलीतच होतात."

"भीती वाटली, सर."

त्यांनी तेही लिहून घेतलं. 'भीती वाटली.' त्यांच्या अक्षरात ते दोन शब्द फारच लहान दिसत होते.

मंगळवार, २ जुलै

निकाल आला. तिची बडतर्फी रद्द. परवान्याचं पत्र मागे. हलगर्जीचा ठपका मात्र राहिला, कारण दुसरी तपासणी झाली नव्हती. प्रत्येक नव्या यंत्राचं शिक्षण पुन्हा हातात यंत्र देऊनच द्यायचं, असा आदेश निघाला. माझ्या फाइलमध्ये ताशेरा आणि धडे बनवण्याचं काम काढून मला अभिलेख विभागात पाठवलं. तळमजल्यावर, जुन्या केसपेपरांत. नोकरी राहिली.

साहेब गेल्या आठवड्यातच दुसऱ्या हॉस्पिटलात गेले. परिषदेत कार्ड घेणाऱ्यांपैकी एक. निरोपाचा संदेश आला होता सगळ्यांना. धड्याच्या पानावर अजून चार पूर्णांक आठ तारे दिसतात. ते काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

तिचं पत्र पोस्टाने जाणार होतं. मी मागून घेतलं. म्हटलं, मी नेऊन देते.

रविवार, १४ जुलै

बारा दिवस पत्र पिशवीत घेऊन फिरले. आज गेले.

दार तिच्या आईने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या बाजूला झाल्या, पण 'या' म्हणाल्या नाहीत. चष्मेवाली आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. पत्र वाचलं, घडी घालून कपड्यांच्या ढिगावरच ठेवलं.

"कधीपासून येणार?" मी विचारलं. मलाच तो प्रश्न ऐकून लाज वाटली.

"नाही येणार, मॅडम." ती शांत होती. "फोनवर नंबर लावतानासुद्धा मी तीन तीन वेळा बघते आता. आई म्हणते होईल सवय. पण पेशंटला हात लावायचा माझा धीर गेला."

मी माफी मागितली. कितीतरी वाक्यं ठरवून आले होते, त्यातलं एकच तोंडातून निघालं, तेही अर्धं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशीच बोलला असतात, तर मी हा दीड महिना स्वतःला वेडी समजले नसते. पण आजोबा गेलेच असते ना, मॅडम? ते तर आधीच गेले होते." थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांच्या घरी कोणी गेलं का हॉस्पिटलातलं?"

"वकील गेले होते."

"मला जायचंय. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले."

आम्ही दोघी गेलो. चालतच. एके ठिकाणी रस्ता ओलांडताना तिने माझा दंड धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला.

आजोबांचं घर म्हणजे एका दुकानामागची खोली. आजी एकट्याच होत्या. दुकानाचं शटर खाली होतं, मधल्या दारातून कापडांचे गठ्ठे दिसत होते, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. कोणाकोणाचे शिवायचे राहिलेले कपडे. आजींनी तिला लगेच ओळखलं.

"तूच ना ती, चष्म्याची? ह्यांनी सांगितलं होतं फोनवर. म्हणाले, पोरगी गोड बोलते, काळजी करू नकोस."

ती मुलगी खाली जमिनीवर बसली. आजी तिच्याजवळ सरकल्या. त्यांना एकच विचारायचं होतं. त्रास झाला का त्यांना शेवटी?

"नाही, आजी. झोपेतच. त्याआधी म्हणाले, आता दुखायचं थांबलं, जरा पडतो. मी उशी नीट केली. नंतर आले तेव्हा मला झोपलेलेच वाटले."

"दुखायचं थांबलं म्हणाले?"

"हो."

आजींनी मान डोलावली, किती तरी वेळ. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

वकिलांनी काय काय सांगितलं होतं मला माहीत नाही. मीही हॉस्पिटलातली आहे, एवढं म्हणून भागलं असतं. चष्मेवालीने मान वर केली नाही.

"हिला ते मशीन मी शिकवलं," मी म्हणाले. "चुकीचं शिकवलं. तिने मला विचारलं होतं, आणि मी दाखवलं नाही."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज चढला नाही की भरून आला नाही. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

"नीट शिकवायचं हो, बाई."

"हो," मी म्हणाले.

आजींनी पाणी विचारलं. मी आधी नको म्हटलं. मग मागून घेतलं, आणि त्यांच्यासमोर बसून सगळं प्यायले.